एकवीस वेढे

ता. ६ जानेवारी १९३८, गुरुवार. घाटनांदूर.

१. रविवारी मकसूद मिस्त्रीनं तांब्याची जुनी तार आणून दिली. उघडी, चौदा नंबरची. एकवीस वेढे.
२. प्रत्येक वेढा बावीस इंचांचा. एकूण अडतीस फूट सहा इंच.
३. त्याच दुपारी परसात ती सरळ केली. एक टोक कडुलिंबाच्या खोडाला, दुसरं लाकडी दांडीला, आणि सावकाश ओढ. ओढताना तार हातात एकदा सैल पडते. ही एकवीस वेळा सैल पडली.
४. ओढल्यावर अडतीस फूट नऊ इंच. एवढी वाढ होतेच.
५. सोमवारी तिचं एरियल करून चढवलं. संध्याकाळी सातला मुंबई लागली. स्वच्छ.
६. मंगळवारी दुपारी एकला जोडणी तपासायला हेडफोन लावले. दिवसा इथवर कुठलंच स्टेशन पोचत नाही. बाईचा आवाज आला. लांबून, शिवाराच्या पलीकडून हाक मारावी तसा. एकच शब्द – हजराबी.
७. बुधवारी एकला – रतनबाई. शेजारच्या रतनबाई हात पुसत अंगणात आल्या. "हाक मारलीस का गं, विमल?"
८. आज एकला – छबुबाई.

घडलं ते आधी लिहायचं, वाटलं ते नंतर, असं वर्गात शिकवलं होतं. वाटलं ते असं – कुणीतरी थट्टा करतंय.

ता. ७, शुक्रवार

थट्टा नाही. एरियलचं टोक संचातून काढलं की आवाज बंद. लावलं की सुरू. म्हणजे आवाज तारेवरूनच येतो. आजचं नाव गोदावरी. एकदाच. एकच्या ठोक्याला. घड्याळ दादानं स्टेशनवरच्या घड्याळाशी सकाळीच जुळवलं होतं.

दादा इथं रेल्वेत तारबाबू आहे. मी पुण्याहून बिनतारीचा वर्ग करून आले तेव्हा स्टेशनातले लोक त्याला म्हणायचे – तुमची तार खांबावरून जाते, बहिणीची हवेतून. संच एका व्हॉल्व्हचा, मी जोडलेला. परवाना मोमिनाबादेहून आला तो दादाच्या नावावर. बाईच्या नावावर कसा द्यायचा ते कारकुनाला कळेना.

तार सरळ करण्याबद्दल. हातोडीनं ठोकून सरळ करणारे पुष्कळ आहेत. त्यानं तार चपटी होते आणि पीळ आत राहतो. बोटांनी दाबत गेलं तर बाक मोडतो, पण शेजारी दुसरा तयार होतो. खरी रीत ओढायची. तार आपल्या सवयीला धरून असते. एका ठराविक ओढीला ती सवय सोडते, तेव्हा दांडी हातात पाव बोट पुढं येते. तिथं थांबायचं. आणखी ओढलं तर तुटते. ही सैल पडण्याची जागा सगळ्या तारेची मिळून एकच असते. एकेका वेढ्याची वेगळी नसते.

रतनबाई कुंपणावरून म्हणाल्या, "बाया तारंवर लुगडी वाळू घालत्यात. तू गाणी वाळू घालतीस व्हय?"

ता. ८, शनिवार

मुक्ताबाई. ही कुंभारगल्लीतली. आज परळीच्या बाजाराला गेली आहे.

ता. ९, रविवार

आजचं नाव ऐकायला बसले नाही. छबुबाईकडं गेलो होतो, मी आणि वत्सलावहिनी.

छबुबाईला पाचवा महिना होता. पहाटे सगळं संपलं. सुईण हात धूत होती. छबुबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हणाली, "बेस्तरवारी तुरीत हुते. मागनं हाक आली. मी ओ दिली न् वळले, तर कुनीच न्हाई. तवापासनं पोटात हाललं न्हाई बघा."

"किती वाजता?" मी विचारलं.

सुईण म्हणाली, "शेतात घड्याळ आसतं व्हय, बाई?" मग छबुबाईच म्हणाली, "भाकर सोडली हुती नुकतीच."

भाकर इथं एकच्या सुमाराला सोडतात.

वहिनीला आठवा संपत आला आहे. घरी आल्यावर जेवली नाही.

ता. १०, सोमवार

मुक्ताबाई बाजाराहून आली. रतनबाईंच्या ओसरीवर हसत हसत सांगत होती. शनिवारी दुपारी कासाराच्या दुकानात हात पुढं करून बसली होती, बांगडी निम्मी चढली होती, आणि ही एकदम मोठ्यानं "ओ" म्हणाली. कासार म्हणाला, अजून दुखलंच न्हाई की बाई, आत्ताच कावून वरडता?

बाया हसल्या. मीही ओठ हलवले.

परळी इथून आठ कोस. माझा संच ऐकतो, पाठवत नाही. तेव्हा मुक्ताबाईला जे ऐकू आलं ते माझ्या एरियलवरून गेलेलं नाही. मला ऐकू येतं आणि त्यांना ऐकू येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी फक्त मधे कान लावून बसले आहे. हे खरं असेल तर मी ऐकलं काय आणि नाही ऐकलं काय.

काल मी ऐकलं नव्हतं. तरी काल दुपारी गुरवाची सुभद्रा शेण थापताना "ओ" म्हणाली, हे आजच तिच्या सासूनं सांगितलं.

ता. ११, मंगळवार

मकसूदला बोलावलं. स्टेशनाबाहेर सायकली आणि कंदील दुरुस्त करतो. हात काळे, जीभ गोड.

"मकसूदभाई, ही तार कुठली?"

"अस्सल तांबं हाय, आक्का. खोट हाय का?"

"खोट नाही. कुठून आणलीत?"

"सटवाच्या शेतातनं. बांध रुंद करायला त्यानं शिवेवरचा खांब उपटला. खांबाला गुंडाळली हुती. म्हनला, घेऊन जा बे, नांगराला आडवी येती."

आतून पितळी पडल्याचा आवाज आला. वहिनी दारात उभी होती. मकसूदकडं न बघता, डोक्यावरचा पदर धरून, मला म्हणाली, "वन्सं, ती तार शिवेवरची हाय?"

मकसूद गेल्यावर तिनं सांगितलं. मी पुण्यात होते त्या वर्षी, दोन वर्षांमागं, सटवाची धाकटी भावजय बाळंतपणात गेली. मूलही गेलं. अशी बाई परत येऊ नये म्हणून घरापासून शिवेपर्यंत राळे पेरतात, उंबऱ्यावर खिळे ठोकतात, हे मलाही माहीत होतं. तारेचं माहीत नव्हतं. सटवाचा चुलता तात्याबा, त्यानं शिवेवर खांब रोवला आणि तारेनं तिला तिथं बांधून ठेवलं. एक एक वेढा द्यायचा आणि वेढ्याला गावातल्या एका लेकुरवाळीचं, नाहीतर पुढं होणारीचं नाव घ्यायचं. म्हणजे ते नाव आत अडकतं आणि तिला हाकेला सापडत नाही. जातपात नाही, सगळ्या घरांतल्या घेतात.

"आन् आता तुमी ती सरळ केलीत," वहिनी म्हणाली.

आवाज चढवला नाही. पितळी उचलली आणि घासायला बसली. घासलेलीच होती.

ता. १२, बुधवार

सटवाकडं गेले. गुऱ्हाळ चालू होतं. तो चुलाण्यापाशी उकिडवा बसला होता.

"खांब कुठं आहे?"

त्यानं काठीनं चुलाण्याकडं दाखवलं. "कढईखाली गेला की. बाभळीचं लाकूड लई झ्याक जळतं. तुमच्या दादाला गूळ न्या, ताजा हाय."

"तुम्हाला माहीत नव्हतं तो कशाचा खांब होता?"

त्यानं काठीनं निखारे आत सारले. "म्हाईत हुतं. दोन साल झाले. मला वाटलं, गेली आसंल आता." मग म्हणाला, "दर साली नांगर तिथं आला की बैल थांबायचे. मलाच त्याचा वीट आलता, बाई."

तात्याबा माजलगावला लेकीकडं असतो. पायानं अधू झाला आहे, कान शाबूत आहेत.

गूळ आणला नाही.

संध्याकाळी वहिनीला समोर बसवून क्रम विचारला. तारेच्या एका टोकाला खिळ्यानं चेपल्याची खूण आहे – बांधायला सुरुवात झाली ते टोक. दुसरं टोक मोकळं. मोकळ्या टोकाचा वेढा शेवटचा दिलेला, आणि तार ओढताना पहिला सुटला तोही तोच. म्हणजे नावं उलट्या क्रमानं येत आहेत. शेवटचं नाव हजराबी होतं का? वहिनी म्हणाली, व्हय, हजराबी खांबापाशी उशिरा आली हुती.

"आणि पहिलं?"

"नवी नवरी पहिली," ती म्हणाली. "तवा गावात मीच नवी हुते."

मंगळवार ता. ४ ला पहिलं नाव. रोज एक. एकविसावं सोमवारी, ता. २४ ला.

मी हे दोनदा मोजलं. तिनं मला मोजू दिलं.

ता. १३, गुरुवार

दादाला सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, "शिकलेल्या माणसानं असं बोलावं?" मी म्हटलं, मी काहीच बोलले नाही, नोंदी दाखवल्या. त्यानं नोंदी वाचल्या. जेवण झालं. आचवताना, पाठ माझ्याकडं असताना, विचारलं, "किती दिवस राहिले म्हणालीस?"

ता. १४, शुक्रवार. संक्रांत.

हळदीकुंकू आमच्याकडं होतं. मी मुद्दाम बारानंतरची वेळ ठेवली. पंधरा बाया आल्या. ऐकीव नोंदींवर नियम होत नाही, म्हणून मला डोळ्यांदेखत बघायचं होतं. हे कारण वहिनीला सांगितलं नाही.

मकसूदची आमिनाबी पण आली, कडेवर चार महिन्यांचा मुलगा. दर वर्षी येते, कुंकू लावत नाही, तिळगूळ घेते आणि सगळ्यांच्या साड्यांना नावं ठेवते. तिनं माझ्या पांढऱ्या साडीकडं बघून विचारलं, "आक्का, पुन्यात रंग मिळत न्हाई का?" उखाणे चालले होते. गोदावरी नवऱ्याचं नाव घेताना अडली, तर रतनबाई म्हणाल्या, "घे की गं, भांडताना तर गल्लीला ऐकू जातं."

मी घड्याळ बघत होते. संच कोपऱ्यात, हेडफोन माझ्या मांडीवर, पदराखाली.

एकला मांडीवरून बारीक आवाज आला. आमिनाबी. कुणाला ऐकू जाईल इतका मोठा नव्हता. मीही ओळखला तो अपेक्षा होती म्हणून.

आमिनाबी मुलाला पाजत होती. मान वर करून दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "जी, आई."

सगळ्या थांबल्या. दारात कुणी नव्हतं. ऊन होतं.

"कुणाला गं?" रतनबाईंनी विचारलं.

"कुनीतरी..." आमिनाबी म्हणाली, आणि हसली. मुलानं पिणं सोडलं होतं. तो पण दाराकडं बघत होता.

वहिनीनं सगळ्यांना तिळगूळ वाटला. एकीलाही चुकवलं नाही. मी बघितलं.

ता. १५, शनिवार

एरियल उतरवलं. परसात सागाचा खांब रोवला, परीघ बावीस इंच, सुतळीनं मोजून. तीच तार, खिळ्याच्या खुणेकडून सुरुवात, एकवीस वेढे. प्रत्येक वेढ्याला वहिनीनं आठवेल ते नाव घेतलं. दुसरं टोक पण खिळलं. रतनबाई कुंपणापाशी होत्या. आज थट्टा केली नाही.

ता. १६, रविवार

सकाळी तार खांबाच्या पायथ्याशी पडली होती. सरळ. फूटपट्टी लावली, कुठं सूतभर बाक नाही. खिळे जागेवर.

पोलाद वळवलं तर थोडं मागं येतं. तांबं येत नाही. वाकवलेलं तांबं वाकलेलंच राहतं, म्हणून तर ते सरळ करायला एवढी खटपट.

मकसूद आला होता. आमिनाबीचं दूध शुक्रवारपासून आटलं. मुलाला शेळीचं देत आहेत. तो पायरीवर बसून राहिला. "आक्का, आमच्यात ह्ये काय म्हाईत न्हाई. मला सांगितलं आसतं कुनी, तर हात लावला आसता का मी?"

मी म्हटलं, हात मी लावला.

ता. १७, सोमवार

तार चुलीत लाल करून पाण्यात विझवली. अशी केली की तांबं लोण्यासारखं मऊ होतं. पुन्हा गुंडाळली.

ता. १८, मंगळवार

सरळ.

ता. १९, बुधवार

दादा म्हणतो, हिला माहेरी लातूरला पाठवू. मी मुक्ताबाईची नोंद दाखवली. परळीत ऐकू आलं ते लातुरात येईल. कानात बोळे घाल म्हणतो. छबुबाई, मुक्ताबाई, आमिनाबी – तिघींनाही विचारून झालं. तिघीही म्हणाल्या, ओ देऊ का नको असा विचार करायला वेळच मिळाला नाही. झोपेत कूस वळते तशी तोंडातून गेली. पहिल्या हाकेला ओ देऊ नये हे तिघींना लहानपणापासून ठाऊक होतं.

वहिनी संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "दुपारचं लई लाथा मारतं. ऐकत आसंल का?" मी म्हटलं, माहीत नाही. खोटं बोलता आलं असतं.

मग तिनं सांगितलं, तुमचं नाव पाचव्या वेढ्याला घेतलं. तुमी पुन्याला हुता. तात्याबा म्हनला, लगीन न्हाई, सोडून द्या. मीच म्हनलं, घ्या, कवातरी हुईल.

पाचवा वेढा म्हणजे सतरावं नाव. उद्या.

या संचाची एक गोष्ट वहीत लिहिलेली नाही. त्याला एक चकती आहे, आवाज वाढवायची. ती प्रमाणाबाहेर फिरवली तर संच स्वतःच लहरी सोडायला लागतो. तेव्हा हेडफोनमध्ये बोललं तर बोलणं एरियलवरून बाहेर जातं. थोडंच, पण जातं. वर्गात सक्त मनाई होती. परवान्यातही आहे.

सोळा जणींनी उत्तर दिलं ते हवेत. तिच्या तारेवर अजून कुणी दिलेलं नाही.

एरियल पुन्हा चढवलं. दादानं शिडी धरली.

ता. २०, गुरुवार

एक वाजता माझं नाव आलं. तोंडातून ओ जायच्या आत चकती फिरवलेली होती. हेडफोन तोंडाशी धरून म्हटलं, "ओ. कोण?"

मग हेडफोन कानाला लावला. आवाज आला, या वेळी जवळून. "मी –" आणि थांबला. पुन्हा, "मी –". चार मिनिटांत अकरा वेळा. भीती वाटली नाही. भर बाजारात हात सुटलेलं पोर नाव विचारलं की जसं अडतं, तसं ते होतं. मग बंद.

सटवाकडं पळत गेले. भावजयीचं नाव विचारलं. म्हणाला, "आमी धाकली म्हनायचो." त्याचा भाऊ, तिचा नवरा, हैदराबादेत कुठं आहे ते त्यालाच ठाऊक नाही. वहिनी, रतनबाई, छबुबाई, सुईण, सगळ्यांना विचारलं. एकवीस नावं ज्यांना येतात त्यांतल्या एकीलाही बाविसावं येत नाही.

मकसूद उद्या पहाटेच्या मोटारीनं माजलगावला जातो आहे. त्याच्याजवळ दिलेल्या चिठ्ठीची नक्कल:

"तात्याबांस नमस्कार. तुमचा खांब जळाला, तार माझ्या हातून सुटली. गुंडाळून राहत नाही. रागावायचं ते मागाहून रागवा. आमच्या वत्सलावहिनीचं नाव सोमवारी ता. २४ ला दुपारी एकला येतं. त्याआधी मला तुम्ही बांधलेल्या बाईला तिच्या नावानं हाक मारायची आहे; ते तिला स्वतःलाही आठवत नाही. पाळण्यातलं आणि सासरचं, दोन्ही नावं कळवावीत. एकच आठवत असेल तर एक. मकसूद तिथंच थांबेल. रविवार ता. २३ च्या संध्याकाळपर्यंत उत्तर यावं."